चौदा नंबरचं टेबल

सात वर्षांची असताना मी रोज दोन इंच वाढत होते. हे सांगितलं की लोक हसतात. पण माझ्याकडे पुरावा होता, आणि त्या पुराव्याला चार पाय होते.

आम्ही जहाजाने निघालो त्या वर्षीची ही गोष्ट. आम्ही म्हणजे बाबा, आई, ताई आणि मी. बाबा सुतार. आई काय करते असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "हे लाकडाला आवरतात, मी यांना आवरते." ताई बारा वर्षांची होती आणि तिला सगळं माहीत असायचं. तो तिचा पूर्णवेळ धंदाच होता.

समुद्रापलीकडच्या एका फर्निचरच्या कारखान्यातून बाबांना पत्र आलं होतं. चारच ओळी. ताईने ते इतक्या वेळा मोठ्याने वाचलं होतं की मला अजून पाठ आहे. ‘उतरल्या दिवशी हजर व्हावे. त्याच दिवशी चाचणी होईल. स्वतःची हत्यारे आणावीत. हत्यारे नसल्यास अथवा चाचणीत नापास झाल्यास त्याच जहाजाने परत जावे.’ ‘त्याच जहाजाने’च्या खाली रेघ मारलेली होती. आता परत जायचं तर कुठे, हाही प्रश्नच होता. आमच्या दोन खोल्यांत दुसरे लोक राहायला आले होते, आणि आईच्या मते त्यांनी एव्हाना पडदेसुद्धा बदलले होते.

म्हणून बाबांची हत्यारांची पेटी आमच्या सगळ्यांच्या वर होती. खरोखरच वर. केबिनमध्ये चार बर्थ होते, त्यातल्या एका वरच्या बर्थवर पेटी झोपायची आणि खालच्या एका बर्थवर मी आणि ताई.

जहाजाचा चेहरा मला आठवत नाही, आवाज आठवतो. भिंतीच्या पलीकडे कुणीतरी मोठा माणूस पोट भरल्यावर गुणगुणत पडलाय, असा तो आवाज होता. गोल खिडकीतून पाण्याचं ऊन आत यायचं आणि छतावर हलत राहायचं. मी तासन् तास उताणी पडून ते बघायची. छत म्हणजे समुद्र आणि आपण छतावरून खाली लोंबकळतोय असं वाटेपर्यंत बघायची, आणि तसं वाटायला लागलं की उलटी होऊ नये म्हणून कूस बदलायची. दिवसांना कडा नव्हत्या. सकाळ कधी संपली ते जेवणाची घंटा वाजली की कळायचं.

जेवणघर खालच्या मजल्यावर होतं. तेरा टेबलं जमिनीला स्क्रूने पक्की केलेली. प्रवासी जास्त झाले म्हणून चौदावं टेबल कुठून तरी आणून कोपऱ्यात नुसतंच ठेवलं होतं. ते आमच्या वाट्याला आलं. सोबतीला शिंपी आजोबा. ते मुलीकडे राहायला निघाले होते. गळ्यात मोजपट्टी कायम; ती काढली तर थंडी वाजते म्हणायचे.

जहाज धक्क्याला होतं तोवर टेबल शहाण्यासारखं उभं होतं. बाबांनी खिशातली पाणसळ काढून त्यावर ठेवली. पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली छोटी पट्टी. बुडबुडा मधोमध थांबला की समजायचं, लाकूड सरळ आहे. बुडबुडा मधोमध थांबला. बाबा खूश. मग जहाज निघालं. संध्याकाळी सूप आलं आणि माझं सूप चालत ताईच्या बाजूला गेलं.

बाबांनी चमचा खाली ठेवला.

"हे टेबल हलतंय."

"अहो, टेबल नाही, जहाज हलतंय," आई म्हणाली.

"जहाजाचं जहाजवाले बघतील. टेबल माझ्यासमोर आहे."

"जेवा."

"चांगलं टेबल भूकंपातसुद्धा हलत नाही," बाबा म्हणाले आणि वाकून खाली बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर जेवणघर रिकामं झालं तेव्हा बाबांनी पेटी आणली, पाणसळ ठेवली आणि बुडबुडा डावीकडे पळाला म्हणून डावीकडचा एक पाय दोन इंच कापला. मग तो पाय आखूड झाला म्हणून बाकीचे तीन कापले. दुपारी टेबल पुन्हा हललं. बाबांना राग आला नाही. उलट त्यांचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा तोडीस तोड टेबल भेटल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी दोन इंच. चौथ्या दिवशी दोन इंच. टेबल खाली गेलं म्हणून बाकही कापावे लागले. भुसा बाबा रुमालात भरून केबिनमध्ये आणायचे आणि ताई तो गोल खिडकीतून बाहेर सोडायची. पिवळी पूड वाऱ्यावर पसरून पाण्यावर बसायची आणि मागे मागे जायची. घर कुठल्या बाजूला आहे हे मला त्या पिवळ्या रेघेवरून कळायचं.

आणि मी वाढत होते. पहिल्या दिवशी मी शेजारी उभी राहिले की टेबल माझ्या छातीला लागत होतं. मग पोटाला. मग मांडीला. निघताना आई म्हणालीच होती, तिथे पोहोचेपर्यंत मोठी होशील बघ. ती इतकं शब्दशः बोलत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी हिशोब केला. या वेगाने उतरताना मी ताईपेक्षा मोठी झालेली असेन, मग ती मला ताई म्हणेल, मग तिचं काय करायचं हे मी ठरवेन.

"मी वाढतेय," मी शिंपी आजोबांना सांगितलं.

त्यांनी मोजपट्टीने मला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं. पट्टीकडे बघितलं. टेबलाकडे बघितलं. मग बाबांकडे.

"समुद्राच्या हवेने होतं असं," ते म्हणाले. "माझे गुडघेसुद्धा वर यायला लागलेत."

आजोबा धंद्याने माणसांची उंची बघणारे, त्यांना काय कळलं नसेल? पण ते एवढंच म्हणाले, "हे टेबलक्लॉथ जमिनीला टेकतंय. वाईट दिसतं." आणि सुई-दोरा काढून कडेला दोन इंचाची दुमड घालून दिली. रोज बाबा पाय कापायचे आणि रोज आजोबा कापड दुमडायचे. दोघं एकमेकांशी याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. दोन कारागिरांची ती मैत्री होती. आई दोघांकडे बघून कपाळाला हात लावायची आणि मांडी घालून बसायची, कारण आठव्या दिवशी बाक संपलेच होते.

जेवणघरावर एक साहेब होते. आम्ही त्यांना कलमकाका म्हणायचो. ते कधी नुसतं "पळू नका" म्हणायचे नाहीत. "कलम नऊ, पळू नका" म्हणायचे. रोज सकाळी ते दारात उभे राहून वहीत लिहायचे. टेबलं मोजायचे. चौदा. बरोबर. सही करायचे आणि जायचे. टेबल कुठवर आलंय हे बघायचं असं कुठल्या कलमात नसावं.

अकराव्या दिवशी चादरी आणि टेबलक्लॉथ धुवायला गेले. धुलाईवाल्याने आमचं कापड झटकलं तर त्याच्या कडेला एकावर एक दहा दुमडी. त्याने ते कलमकाकांना दाखवलं. कलमकाका दुपारी आले तेव्हा आम्ही पाच जण जमिनीवर बसून, दहा इंच उंचीच्या पाटावर जेवावं तसं चौदा नंबरच्या टेबलावर जेवत होतो.

त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं, मग छताकडे. कलम आठवत नव्हतं बहुतेक.

"हे काय आहे?"

"टेबल," बाबा म्हणाले. "आता जवळजवळ सरळ झालंय. अजून एक दोन दिवस द्या."

"तुम्ही जहाजाची मालमत्ता कापली!"

"कापली नाही हो. जुळवली."

कलमकाकांनी पेटी उचलली. कलम एक्केचाळीस: जहाजाची नासधूस ज्या वस्तूने होईल ती वस्तू जप्त. जहाज तीन दिवसांनी बंदराला लागणार होतं. त्यांनी पेटी कोठारात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात टाकली. बाबा त्यांच्या मागे कोठारापर्यंत गेले आणि बंद दारासमोर उभे राहिले. मग केबिनमध्ये येऊन पडले.

वरचा बर्थ मोकळा झाला होता. ताई म्हणाली, "आता मी वर झोपू?" आणि आईने तिच्याकडे असं बघितलं की ताई, जिला सगळं माहीत असायचं, तिलाही कळलं.

बाबा छताकडे बघत पडले होते. त्यांचा उजवा हात रंधा मारल्यासारखा पांघरुणावरून पुढे मागे जात होता. पत्र उशाशी होतं. त्यातली रेघ मारलेली ओळ उघडी.

"चला, वर चला," आई म्हणाली.

"कुठे वर?"

"डेकवर. अकरा दिवसांत एकदा तरी वर आलात का?"

"काम होतं."

"आता नाहीये. चला."

ते खरंच एकदाही वर आले नव्हते. आम्ही चौघं जिने चढून गेलो. वर इतका उजेड होता की आवाज होतोय असं वाटत होतं. सगळीकडे पाणी, आणि पाण्याच्या टोकाला एक रेघ, सगळीकडून गोल. मला ती रेघ कुणीतरी पेन्सिलीने आखल्यासारखी वाटायची. बाबांनी खिशातून पाणसळ काढली. ती खिशातच असल्यामुळे जप्तीतून सुटली होती. कठड्यावर ठेवली. बुडबुडा डावीकडे गेला. मग उजवीकडे. बाबांनी सवयीने कठड्याखाली वाकून बघितलं, कुठे पाचर मारता येईल म्हणून. तिथे पाणी होतं.

ते सरळ झाले. त्यांनी एकदा बुडबुड्याकडे आणि एकदा लांबच्या रेघेकडे बघितलं. बुडबुडा धावत होता. रेघ जागची हलत नव्हती.

"अगं, हे हलतंय," ते म्हणाले.

"अकरा दिवस झाले."

"म्हणजे आपण निघालो?"

आईने त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली. "निघालो," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगणारच होते, पण तुम्ही कामात होतात."

बाबा कठड्याला टेकून घर कुठल्या बाजूला ते शोधायला लागले. भुशाची पिवळी रेघ आता नव्हती, कारण कापायला करवत नव्हती. मी त्यांना मागची दिशा दाखवली. तिकडे बघून त्यांनी मान हलवली, कुणी ओळखीचं दिसल्यावर हलवतात तशी. मग नाक पुसलं आणि म्हणाले, "वारा फार आहे."

ताई मात्र वाऱ्यात वेळ घालवत नव्हती. ती जेवणघरात गेली होती. येऊन म्हणाली, "कलमकाकांची वही भिंतीला दोरीने बांधलेली असते. मी वाचली."

"कुणाला विचारून?" आई.

"वाचू नये असं कलम नाहीये. मी आधी तेच वाचलं." ताईने दम घेतला. "रोज एक ओळ आहे. ‘टेबले चौदा, उंची व स्थिती तपासली, ठीक.’ खाली सही. अकरा दिवस, अकरा सह्या. आई, टेबल दहा दिवस उतरत होतं आणि ते रोज उंची तपासली म्हणून सही करत होते!"

आईने ताईकडे बघितलं. मग पदर खोचला. आई पदर खोचते तेव्हा बाबासुद्धा हत्यारं खाली ठेवतात. आत्ता हातात दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी पाणसळ खिशात ठेवली.

कलमकाका आपल्या छोट्या खोलीत चहा पीत होते. आई दारात उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "साहेब, बंदरात तुमचे वरिष्ठ वही बघायला येत असतील ना?"

"येतात. कलम बावन्न."

"मग त्यांना टेबल दाखवू की वही?"

कलमकाकांचा चहा कपातच थांबला. मला त्यांची दया आली. नियमांवर इतका जीव असलेला माणूस आणि त्याच्या स्वतःच्याच अकरा सह्या.

"ते टेबल पुन्हा तीस इंच होईल का?" त्यांनी शेवटी विचारलं. आईला नाही, बाबांना.

"लाकूड कुठलं आणणार?" आई पुटपुटली.

बाबा केबिनमध्ये गेले आणि आपली उशी घेऊन आले. त्यांनी ती उसवली. आतून लाकडाचे तुकडे पडले. चाळीस. बाबा इतक्या रात्री त्यावर डोकं ठेवून झोपले होते. सुतार तुकडा फेकत नाही, एवढंच ते म्हणाले. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. डावा पुढचा, मंगळवार. उजवा मागचा, शुक्रवार.

कलमकाकांनी कोठाराचं कुलूप उघडलं. पेटी परत मिळेल, पण टेबल उभं राहिल्यावर; तोवर काम त्यांच्या डोळ्यांदेखत. अट अशी होती.

दोन दिवस बाबांनी जेवणघराच्या कोपऱ्यात काम केलं. गिरमिटाने प्रत्येक तुकड्याला मधोमध भोक, आत लांब खुंटी, मधे सरस. शेवटचा कापलेला तुकडा आधी, मग त्याच्या आदल्या दिवसाचा, मग त्याच्या आदल्या. मी तुकडे शोधून द्यायची. "बुधवार दे," बाबा म्हणायचे. "आता मंगळवार." शिंपी आजोबा शेजारी बसून टेबलक्लॉथचे टाके उसवत होते, तेही उलट क्रमाने. सरसाचा वास, जहाजाचं गुणगुणणं, आणि बाबांच्या हाताखाली आमचे दिवस एकावर एक चढत चाललेले. मला वाटलं, हे असंच चालू ठेवलं तर आपण निघालो त्या सकाळपर्यंत जाऊन पोहोचू आणि खाली धक्का दिसेल.

पोहोचलो नाही. पण शेवटचा तुकडा बसला आणि बाबांनी टेबल उभं केलं, तेव्हा ते माझ्या छातीला आलं. दोन दिवसांत मी परत सात वर्षांची झाले. ताईने माझ्याकडे वरून बघितलं. "ए टिकली, काय झालं तोंड पाडायला?" मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

कलमकाकांनी मोजलं. साडेअठ्ठावीस इंच. बाक वहीत नव्हते, म्हणून ते मोजले नाहीत.

"दीड इंच कमी आहे."

"तो करवतीने खाल्ला," बाबा म्हणाले. "भुसा झाला. समुद्रात आहे."

कलमकाका खिडकीबाहेर बघत राहिले. एवढ्या समुद्रात दीड इंच टेबल शोधण्याबद्दल कलम नसावं. त्यांनी वहीत ‘ठीक’ लिहिलं आणि पेटी बाबांच्या हातात दिली. तेवढ्यात जहाज जरा कललं आणि टेबल हललं. सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी पेटी घट्ट धरली आणि जिन्याकडे चालू लागले.

बंदरात उतरलो ती सकाळ दुधी काचेतून बघितल्यासारखी आहे. शिंपी आजोबांना त्यांची मुलगी मोजपट्टीला धरून घेऊन गेली. पायाखाली जमीन होती, पण जमिनीला कुणी सांगितलं नव्हतं. ती डुलत होती. घरं डुलत होती, खांब डुलत होते, आई एका खांबाला धरून म्हणाली, "जरा थांबा, हा रस्ता थांबेपर्यंत." कारखाना बंदरापासून जवळच होता. लांबलचक शेड, वरून येणारं ऊन, लाकडाचा वास. दारात मुकादम. जाडजूड, कानावर पेन्सिल.

"जहाजातून आलात?"

"हो."

"हत्यारं?"

बाबांनी पेटी उघडून दाखवली. मुकादमाने करवतीचं पातं बोटाने चाचपलं आणि भुवया उडवल्या. मग त्याने एक टेबल ओढून पुढे आणलं.

"यात काय चूक आहे ते शोधायचं आणि दुरुस्त करायचं. हीच चाचणी."

टेबल हलत होतं. मला दिसत होतं. बाबा गुडघ्यांवर बसले. एका पायाला हात लावला. टेबल हललं, म्हणजे हललंच असणार, कारण त्यांनी करवत काढली. आईने माझा हात इतका दाबला की बोटं चिकटली. धक्क्यावर ते जहाज अजून उभं होतं, शेडच्या दारातून त्याचं धुराडं दिसत होतं.

बाबांनी पातं पायाला टेकवलं. आणि तसेच बसून राहिले. खूप वेळ. मग त्यांनी वर मुकादमाकडे बघितलं, खिडकीकडे, खांबाकडे, आमच्याकडे. करवत पेटीत ठेवली, पेटी बंद केली आणि तिच्यावर बसले.

"काय झालं?" मुकादम म्हणाला.

"आज नाही सांगता येणार."

"का?"

"आज मी हलतोय. मी थांबलो की टेबलाचं बघतो."

"पत्रात लिहिलंय, उतरल्या दिवशीच."

"पत्र जमिनीवर बसून लिहिलंय," बाबा म्हणाले.

आईने डोळे मिटले. मुकादमाने शेडच्या टोकाचं एक दार ढकललं. आत ओळीने टेबलं होती. एकसारखी, पण एक गुडघ्याएवढं, एक वितभर, एक तर घोट्याच्याही खाली. अकरा.

"जहाजातून आलेले अकरा सुतार," तो म्हणाला. "चांगल्या हाताचे. सगळ्यांनी कापली. या टेबलात काहीच चूक नसते. कधीच नव्हती." त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावरच ठेवली. "ते अकरा परत गेले. तुम्ही बसा. पाय जाग्यावर येईपर्यंत बसा. घाई नाही."

त्याने आईला एक स्टूल दिलं. ताई भिंतीवरचे नियम वाचायला गेली. मी आतल्या खोलीत गेले. अकरांतलं एक टेबल अगदी माझ्या मापाचं होतं. त्याच्यासमोर बसले, डोकं ठेवलं, आणि जमीन मला हळूहळू झुलवत राहिली.

जाग आली तेव्हा ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलं होतं. बाबा कोट काढून कुणाच्या तरी कपाटाच्या फळीला रंधा मारत होते. मुकादम शेजारी पुढची फळी घेऊन उभा होता. लाकडाची लांब, पातळ साल बाबांच्या हाताखालून निघून जमिनीवर पडत होती आणि पडली तिथेच राहत होती.